मार्चातले सहा हप्ते

एप्रिल १९७७. त्या सालचं ऊस गाळप संपलं, हंगाम बंद होऊन कारखान्याचा पट्टा पडला, आणि दुसऱ्याच दिवशी भामाबाई आणि तिचा नवरा अर्जुना इस्लामपूरच्या बँकेत गेले. टायरगाडी आणि बैलजोडीसाठी काढलेलं तीन हजारांचं कर्ज तीन हंगामांत फिटलं होतं. आता बँकेकडून काही बाकी नसल्याचा, म्हणजे बेबाकीचा दाखला घ्यायचा आणि गाडी जुंपून आटपाडीकडच्या आपल्या गावाला लागायचं, एवढंच काम उरलं होतं. अर्जुनाने धुतलेला पटका बांधला होता. भामाबाईने बँकेतल्या कारकुनासाठी पेढ्याचा एक पुडाही घेतला होता.

कारकुनाने खातं काढलं, बोट फिरवत खाली आणलं आणि मान वर न करता म्हणाला, "दोनशे सोळा रुपये भरा. मग दाखला."

"कसलं?" अर्जुनाने विचारलं.

"दंड. हप्ते उशिरा आले तुमचे. दर उशिराच्या हप्त्याला आठ रुपये."

अर्जुना भिडस्त माणूस. टेबलामागच्या माणसाने काही सांगितलं की ते खरंच असणार, असं मानणारा. शेवटच्या बिलाच्या नोटा त्याच्या बंडीच्या खिशात होत्या. त्याचा हात खिशाकडे गेला, तो भामाबाईने मधेच धरला.

"आवं थांबा." मग कारकुनाला म्हणाली, "दादा, हप्ता आमी कुठं भरतो? कारखाना आमच्या बिलातनं कापून घेतो. आमच्या हातात येतच न्हाई त्यो. मग आमी उशीर केला कसा?"

"ते कारखान्याला विचारा."

"विचारते. पर आदी माजं पासबुक भरून द्या. पैल्या हप्त्यापासनं."

तीन वर्षांत ते पासबुक कुणी मागितलं नव्हतं. कारकुनाने बराच वेळ लावला, दोनदा चहाला गेला, पण भामाबाई बाकावरून हलली नाही. दुपारी पासबुक भरून हातात आलं तेव्हा पेढ्याचा पुडा तिने तसाच पिशवीत परत ठेवला.

भामाबाई मूळची माण तालुक्यातली. माहेर मेंढपाळाचं. तिच्या बापाच्या घरात सात पिढ्यांत कुणी पाटी धरली नव्हती. सोळाव्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि नेमकी त्याच वेळी गावात प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवायची मोहीम आली. चावडीत बायांचा वेगळा वर्ग भरायचा. ओली बाळंतीण म्हणून आई जाऊ देईना, तर सव्वा महिना झाल्या-झाल्या ही पोर मांडीवर घेऊन तिथे जाऊन बसली. चार महिन्यांत तिला वाचता येऊ लागलं. सासरी परतल्यावर वाचायला काही नव्हतं, म्हणून ती बाजारातून आलेल्या पुड्यांचे कागद वाचायची, एस.टी.च्या पाट्या वाचायची, खताच्या पोत्यावरची अक्षरं वाचायची. सासू हसायची. भामाबाई वाचत राहायची.

बहात्तरच्या दुष्काळात सासरची मेंढरं गेली. दोन वर्षं दोघांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. मग कुणीतरी सांगितलं की वारणा-कृष्णेच्या पट्ट्यात कारखान्याला ऊस ओढायला गाड्या लागतात, बँक कर्ज देते. पोरं सासूकडे ठेवून दोघं इकडे आली. नवरा गाडी हाकायचा, ती उसाच्या मोळ्या बांधायची, गाडी भरायची, आणि दर पंधरवड्याला बिलाचा कागद आला की तो वाचून तारेत ओवून ठेवायची. कारखान्याजवळ एकोणचाळीस गाड्यांचा तळ पडायचा, त्या तळावर तारेत कागद ओवणारी ती एकटीच. बाकीच्यांचे कागद चुलीत जायचे, नाहीतर तंबाखूला.

त्या दिवशी तळावर परत आल्यावर तिने भाकरीही केली नाही. बैलांच्या सावलीला बसली, तारेतले सगळे कागद काढले आणि एकेक पासबुकाशी लावून बघू लागली. एकूण तेहतीस हप्ते. दर महिन्याला दोन. एक दहा तारखेच्या आत, दुसरा पंचवीसच्या आत. कारखान्याने कापल्याची तारीख बिलावर होती, बँकेने जमा धरल्याची तारीख पासबुकात. कारखान्याची तारीख कायम पाच आणि वीस. बँकेची तारीख बहुतेक अठ्ठावीस, नाहीतर एकोणतीस. दोन्ही हप्ते एकाच दिवशी जमा, दोन्हीला आठ-आठ रुपये दंड.

तेहतीसपैकी सत्तावीस उशिरा. सहा वेळेवर. ते सहा कुठले म्हणून तिने पुन्हा पाहिलं, आणि तिचं बोट थांबलं. पंचाहत्तर सालचे मार्चातले दोन. शहाहत्तरच्या मार्चातले दोन. सत्त्याहत्तरच्या मार्चातले दोन.

"आवं, हिकडं या," तिने अर्जुनाला हाक मारली. "आपून मार्च म्हैन्यातच तेवढं शाणं हुतो आन् बाकीच्या म्हैन्यात येडं?"

अर्जुनाला काही कळलं नाही. तिने बोट ठेवून दाखवलं तेव्हा थोडं कळलं. पण तो म्हणाला, "भामे, दोनशे सोळा रुपयं हायती. जाऊ दे. बँकंसंगं वाकडं घिऊन पुढल्या साली काय करायचं?"

शेजारच्या गाडीवाल्या आकारामचंही तेच म्हणणं पडलं. आकाराम तळावरचा सगळ्यात जुना गाडीवान. त्याने आदल्या वर्षीच गुमान दोनशे रुपये दंड भरून दाखला घेतला होता. "बये, त्येंच्या हातात लेखणी हाय," तो म्हणाला. "आपल्या हातात कासरा. उगं कशाला?"

"आकारामदाजी, लेखणी काय सोन्याची असती व्हय?" भामाबाई म्हणाली. "धा पैशाला मिळती."

दुसऱ्या दिवशी ती कारखान्याच्या हिशेब खात्यात गेली. तिथे नानासो म्हणून एक कारकून होता, वाहतुकीची बिलं तोच काढायचा. तिचं म्हणणं त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"आमचा चेक पाच आणि वीस तारखेला जातो, बाई. बँकेला सुटी असली तर दुसऱ्या दिवशी. कारखान्याचं खातं त्याच शाखेत आहे. म्हणजे वटायचासुद्धा प्रश्न नाही. त्याच दिवशी आमच्या नावे पडतो, खात्यातून वजा होतो."

"मंग ह्यो पैसा मदी वीस-बावीस दिस कुटं असतो?"

नानासो उठला आणि कपाटातून एक लांबट वही घेऊन आला. कारखान्याचा शिपाई कागद घेऊन बाहेर गेला की ज्याला दिला त्याची सही या डाकवहीत घ्यायचा. पानापानावर बँकेचा जांभळा शिक्का आणि त्याच कारकुनाची सही होती. पाच डिसेंबर. वीस डिसेंबर. पाच जानेवारी. वीस जानेवारी. तीन हंगामांतला एकही चेक उशिरा गेला नव्हता.

"मला ह्या तारखा लिवून देशीला?"

"साहेबांना विचारावं लागेल," नानासो म्हणाला. पण साहेबांना विचारून अर्ध्या तासात परतही आला आणि तेहतीस तारखा स्वच्छ अक्षरात उतरवून, खाली कारखान्याचा शिक्का मारून कागद तिच्या हातात दिला. "एकोणचाळीस गाड्यांचा एकच चेक असतो," तो म्हणाला. "बँकेत एकोणचाळीस खाती काढून एकेकात जमा करायचा कंटाळा येत असणार. महिन्याच्या शेवटी एकदम करत असतील. हे मी बोललो म्हणून सांगू नका."

"आन् मार्चात?"

नानासो हसला. "मार्चात वरून तपासनीस येतो. त्या महिन्यात सगळ्यांच्या वह्या वेळेवर असतात."

भामाबाई तिथून तडक बँकेत गेली. यावेळी कारकुनापाशी थांबली नाही, मॅनेजरच्या केबिनीत शिरली. मॅनेजर तरुण होता, पुण्याकडचा, अंगावर पांढरा बुशशर्ट. त्याने कागद वरवर पाहिला आणि परत सरकवला.

"आमच्याकडे नोंद होईल तीच तारीख. नियम आहे तसा."

"कुटं लिवलाय?"

"करारात."

"मला करार द्या वाचायला. सही माजी न् मालकाची हाय, पर नक्कल कवाच दिली न्हाई तुमी."

मॅनेजर जरा हसल्यासारखा झाला. "लेखी अर्ज करावा लागतो त्यासाठी."

त्याला वाटलं होतं गोष्ट इथे संपेल. भामाबाईने बाहेर येऊन स्लिपांच्या खोक्यातला कोरा कागद घेतला, दोरीला बांधलेला टाक उचलला आणि उभ्या-उभ्या अर्ज लिहिला. अक्षर मोठं आणि तिरकं होतं, काना-मात्रा दोन ठिकाणी चुकलेली, पण मजकुरात संदिग्ध काही नव्हतं. मग दुसऱ्या कागदावर तोच अर्ज पुन्हा लिहिला आणि तो कारकुनापुढे धरला.

"ह्येच्यावर मिळाला म्हणून शिक्का मारा. तारखंसकट."

कारकुनाने मॅनेजरच्या केबिनीकडे पाहिलं. रांगेतले चार लोक भामाबाईकडे पाहत होते. शिक्का बसला.

करार चार दिवसांनी मिळाला. त्या चार दिवसांत तळ रिकामा होत गेला. पाचटाच्या कोप्या मोडल्या, दंड भरून गाड्या एकामागून एक पूर्वेच्या वाटेला लागल्या. आकारामही गेला. उरल्या दोन गाड्या, अर्जुनाची आणि रंगूबाईच्या घरची. रंगूबाई भामाबाईच्या गावचीच, तोंडाने फटकळ आणि कुणाला न भिणारी. तिला दोनशे आठ रुपये दंड लागला होता आणि ती म्हणत होती की दाखला घेतल्याशिवाय ती बैलाला जू लावणार नाही.

पाचव्या दिवशी बँकेचा शिपाई तळावर आला. मॅनेजरने अर्जुनाला बोलावलं होतं. भामाबाईला नव्हे, अर्जुनाला.

अर्जुना गेला आणि तासाभराने परत आला. येताना त्याची चाल नेहमीपेक्षा जलद होती.

"काय म्हनला?" भामाबाईने विचारलं.

"म्हनला, तुमचं दोनशे सोळा माफ करतो. आत्ता दाखला घिऊन जा. फकस्त बाईला म्हनावं, आता ह्यो विषय बंद."

भामाबाईने त्याच्या हाताकडे पाहिलं. तिला वाटलं, आणला याने दाखला. हंगामभर राबलेला माणूस, घर डोळ्यापुढे दिसत असलेला. त्याला दोष तरी कसा द्यायचा?

"मंग तुमी काय म्हनला?"

"म्या इचारलं, आन् आकारामचं? त्येनं तर भरल्यात. त्यो म्हनला, त्येचं तुमाला काय करायचं. मंग म्या म्हनलं, मला काय कळत न्हाई, साहेब, आमच्या घरात वाचती ती बायकू, तिला इचारून सांगतो. आन् आलो."

भामाबाई त्याच्याकडे बघत राहिली. सोळा वर्षांच्या संसारात तिने त्याला टेबलामागच्या माणसाला उलट प्रश्न विचारताना ऐकलं नव्हतं.

"माफी चुकीला असती," ती म्हणाली. "आपली चूक कंची, ती दाखवा म्हनावं. न्हाई दाखवली तर माफी कशाची?"

"मंग सांगलीला जा," अर्जुना म्हणाला. "मोठी कचेरी तितं हाय म्हनं. मी बैलं संभाळतो. भाकरी बी करतो."

"तुमी भाकरी?" रंगूबाई पलीकडून ओरडली, आणि तिघंही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने दोघी बाया आष्ट्यावरून सांगलीला उतरल्या. भामाबाईच्या पिशवीत पासबुक, तारेतली बिलं, कारखान्याचा तारखांचा कागद, शिक्क्याचा अर्ज आणि कराराची नक्कल. करार तिने तीनदा वाचला होता. त्यातली भाषा अवघड होती, पण सातवं कलम तिने पाठ केलं होतं.

विभागीय कचेरीच्या दारातल्या शिपायाने दोघींना बाहेरच बसवलं. साहेब मीटिंगमध्ये. साहेब जेवायला. साहेब फोनवर. अकरा वाजता आलेल्या बायांना तीन वाजले. रंगूबाईने पिशवीतली भाकरी काढून तिथेच जिन्यावर खाल्ली आणि शिपायालाही कांदा देऊ केला. शेवटी शिपाईच आत जाऊन म्हणाला की या बाया काही जात नाहीत.

साहेब पन्नाशीचे, डोक्यावर थोडेसे केस, समोर फायलींचा ढीग. "काय आहे?" त्यांनी विचारलं. "थोडक्यात सांगा."

भामाबाईने खुर्चीवर बसायच्या आधीच करार उघडला आणि वाचायला लागली. हळूहळू, अक्षरावर बोट ठेवून, चावडीत वाचायची तशी.

"कलम सात. कर्जदाराचा हप्ता साखर कारखान्याने वाहतूक बिलातून वजा करून बँकेकडे ज्या दिवशी सुपूर्द केला, तो दिवस हप्ता भरल्याचा दिवस समजण्यात येईल."

तिने मान वर केली. "सुपूर्द म्हंजी हातात दिला, न्हवं?"

"हो," साहेब म्हणाले. ते फाईल बाजूला सारून तिच्याकडे पाहत होते.

"मंग ह्यो कागद बघा. कारखान्यानं हातात दिला पाच तारखंला. तुमच्या माणसाची सही हाय. आन् पासबुकात जमा अठ्ठाविसाला. तेवीस दिस पैसं तुमच्याच घरात, आन् दंड आमाला."

साहेबांनी तिन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. पेन्सिल घेतली. एकेका तारखेवर खूण करत ते खाली आले.

"एखाद-दुसऱ्या वेळी कामाच्या गडबडीत असं होऊ शकतं," ते सावधपणे म्हणाले.

"एखाद-दुसऱ्या वेळी न्हाई, साहेब. तेहतीसात सत्तावीस येळा. जे सहा येळंवर पडलं ते समदं मार्चातलं. तीन वर्सं, दर मार्चात दोन." ती पुढे वाकली आणि पासबुकातल्या त्या सहा ओळी एकेक करून दाखवल्या. "तुमचा तपासनीस यायचा तवा आमचा पैसा बरा पळत यायचा."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. ते रागावले होते हे दोघींना कळलं, पण कुणावर ते क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी फोन उचलून इस्लामपूरची शाखा मागितली.

फोन लागायला वीस मिनिटं लागली. तोवर त्यांनी दोघींसाठी चहा मागवला. रंगूबाईने तो बशीत ओतून प्यायला आणि भामाबाईच्या कानात म्हणाली, "च्या पाजतोय म्हंजी हरला."

फोनवरचं एका बाजूचं बोलणं दोघींनी ऐकलं. "एकोणचाळीस खाती... होय, सगळी... नाही, माफी नव्हे, परतफेड. चुकीने आकारलेला दंड परत, असं लिहा... ज्यांनी भरलाय त्यांना रोख द्या... बारा मेला वाटप करा, यादी त्याआधी मला पाहिजे." थोडा वेळ पलीकडचं ऐकून घेऊन ते म्हणाले, "अहो, त्या बाईंनी सातवं कलम वाचलंय. तुम्ही वाचलंय का?"

फोन ठेवून त्यांनी भामाबाईला विचारलं, "कितवीपर्यंत शिकलात?"

"चार म्हैनं," ती म्हणाली.

त्यांना वाटलं चौथी. "चौथी का? छान," असं ते म्हणाले आणि भामाबाईने ते दुरुस्त केलं नाही.

परत फिरताना एस.टी. स्टँडवर रंगूबाईने सव्वा रुपयाची भेळ घेतली आणि दोघींनी ती उभ्यानेच खाल्ली. भामाबाईला एकाएकी हुंदका फुटला. का, ते तिलाच सांगता येईना. रंगूबाई म्हणाली, "तिखट लय हाय," आणि पदर पुढे केला.

पण एक काम उरलं होतं. तळावरची माणसं कधीच घरी गेली होती, आटपाडी, खानापूर, जत, माण, अशी चहूकडे पांगलेली. त्यांना पैसे परत मिळणार हे सांगणार कोण? बँक सांगेल असं भामाबाईला वाटेना. तिने पोस्टातून सदतीस कार्डं आणली, पंधरा पैशाला एक, आणि तळावर बैलगाडीच्या साटीवर बसून दोन दिवस लिहीत राहिली. नावं आणि गावं अर्जुना सांगायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण तळावरच्या प्रत्येक माणसाचं गाव, वस्ती, शेजारची खूण त्याच्या तोंडपाठ होती. मजकूर सगळ्यांना एकच. *दंड चुकीचा ठरला. पैसे परत मिळणार. बारा मे रोजी पासबुक घेऊन इस्लामपूरला बँकेत या. कुणाच्या सांगण्यावरून अंगठा देऊ नका, आधी रक्कम मोजून घ्या. — भामाबाई.*

बारा मेला सकाळी नऊपासून बँकेच्या दारात पटक्यांची गर्दी झाली. कुणी रात्रीच निघालेले, कुणी ट्रकमधून, कुणी एस.टी.ने. पस्तीस जण आले. राहिलेल्यांची पासबुकं भावकीने आणली. रस्त्यावरची माणसं थांबून विचारत होती की काय मोर्चा आहे का. रंगूबाई सांगत होती, "मोर्चा कशाचा? पैसं न्यायला आलोय. आमचंच हायती."

मॅनेजर स्वतः काउंटरवर बसला होता. बाजूच्या भिंतीवर टाइप केलेला एक कागद डकवला होता. कारखान्याचा चेक ज्या दिवशी येईल त्याच दिवशी गाडीवानांच्या खात्यात जमा होईल, असं त्यावर लिहिलं होतं. एकेकाचं नाव पुकारलं जाई, रक्कम सांगितली जाई, आणि तो गाडीवान आधी भामाबाईकडे पाही. ती पासबुकावर नजर टाकून मान हलवी. मगच तो सही करी किंवा अंगठा देई. मॅनेजरला ते दिसत होतं. एका खात्यात सोळा रुपये कमी निघाले तेव्हा त्याने मुकाट्याने खातं पुन्हा तपासलं आणि सोळा रुपये वाढवले. दुपारपर्यंत सात हजारांच्या वर रक्कम परत गेली.

भामाबाई-अर्जुनाचं नाव आलं तेव्हा घ्यायचं काहीच नव्हतं, कारण तिने दंड भरलाच नव्हता. मॅनेजरने बेबाकीचा दाखला पुढे केला.

"वाचून घ्या," तो म्हणाला. आवाजात कुचकेपणा नव्हता.

तिने वाचला. अर्जुनाच्या नावात 'र्जु'चा रफार राहिला होता. तिने तो दाखवला. मॅनेजरने टाक उचलून दुरुस्ती केली आणि शेजारी सही ठोकली.

आकाराम बाहेर पायरीवर बसला होता. दोनशे रुपये त्याने पटक्याच्या सोग्यात बांधले होते आणि हातात भामाबाईचं कार्ड होतं, चार घड्या पडून मऊ झालेलं.

"आमच्या मास्तरानं वाचून दावलं," तो तिला म्हणाला. "म्हनला, कुना वकिलाचं हाय का ह्ये? म्या म्हनलं, न्हाई गड्या, आमच्या तळावरच्या बाईचं. तर त्यो इस्वास ठिवंना." मग जरा घुटमळून त्याने विचारलं, "भामाबाई, माज्या सुनंला शिकिवशील का, अक्षरं? पुढल्या हंगामाला ती बी येनार हाय."

"सुनंला कशाला?" भामाबाई म्हणाली. "तुमीच या की. दाजी, कासरा धरायला येतो त्याला टाक धरायला काय जड जातंय?"

पायरीवरची माणसं हसली, आकारामही हसला, आणि अर्जुना गाडी जुंपायला निघाला.